दिवंगत कवी जेवायला आले

४ मार्च

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. माझ्या हातून हे एवढंच मोठं काम होणार असं दिसतंय, तेव्हा त्याची हकीकत कुठेतरी असलेली बरी.

याआधीची आमच्या संग्रहालयातली तात्पुरती प्रदर्शनं अशी: ‘बटाटा: काल आणि आज’, ‘आपल्या जिल्ह्यातले आगीचे बंब’ आणि ‘बीव्हर, आपला शेजारी’. यातला पेंढा भरलेला बीव्हर नेमका उद्घाटनाच्या दिवशी पोटाशी उसवला आणि नगराध्यक्षांच्या बुटांवर भुसा सांडला. आता मात्र साहित्य! अलॉयझी कोलान्को, यावोरेक गावाचा एकुलता एक कवी. तरुणपणी इथल्या साखर कारखान्यात बिटं उचलायचा, मग स्वीडनला पळाला आणि १९८३ साली तिकडेच वारला. मागे राहिली एक कविता:

पुलावर उभा राहिलो रात्रभर.
पाणी आलं, पाणी गेलं.
तू आली नाहीस.

अजून दोन कडवी आहेत, पण लोकांना एवढंच पाठ आहे. १९८१ साली पोलंडभर लष्करी कायदा आला तेव्हा ही कविता हातोहात फिरली, चर्चमध्ये म्हटली गेली. आमच्या भाषेत स्वातंत्र्य स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘तू’ म्हणजे कोण हे सगळ्यांना न सांगताच कळलं. आता ती शाळेच्या भिंतीवर कोरलेली आहे आणि दर अकरा नोव्हेंबरला, स्वातंत्र्यदिनी, सर्दी झालेली मुलं ती म्हणतात. नगराध्यक्ष क्रुक यांनी अर्धपुतळाही सांगून ठेवलाय.

घरी आलो तर आई स्टुलावर चढून खिडक्या पुसत होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई! मी खाली उभा राहून नीट लक्ष ठेवलं. तिला एकटं सोडणं शक्यच नाही, म्हणून तर मी क्राकूवची नोकरी नाकारली. ‘नाकारू नकोस’ असं ती तेव्हा म्हणाली होती, पण आया तसं म्हणतातच.

८ मार्च

महिला दिन. इडाला ट्युलिप दिलं. इडा म्हणजे आमची मांडणीवाली: काचपेट्या, दिवे, पाट्या, खिळे, सगळं तीच. तिने ते पाण्यात ठेवलं, मग बराच वेळ मी आणखी काही बोलीन अशा आशेने माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, डावीकडची काचपेटी तिरकी आहे. ती म्हणाली, “हो का.”

कवीच्या वस्तूंचा प्रश्न आहे. आमच्याकडे एक कोट आहे, जो बहुधा त्याचा; एक टंकयंत्र आहे, जसं त्याच्याकडे असू शकलं असतं; शाळेचा एक बाक, ज्यावर तो बसला नसेल असं कुणी सिद्ध करू शकत नाही; आणि कारखान्यातला एक फोटो, ज्यात तो हललेला आहे.

इडा म्हणते, “फेलिक्ससाहेब, या दालनात कवीपेक्षा ‘कदाचित’च जास्त आहे.”

जेवताना आईला कोटाचं वर्णन ऐकवलं.

“अस्तर हिरवं?” तिने विचारलं. “मग तो कोट त्याचा नव्हे. त्याच्याकडे कोटच नव्हता. काकडत असायचा नुसता.”

आईही त्याच कारखान्यात वजनकाट्यावर होती. तिला तिथला प्रत्येक माणूस आठवतो. या वयात जुनं असंच लख्ख आठवतं म्हणे, आणि मग हळूहळू आजचं विसरायला लागतं. लक्ष ठेवायला हवं.

१४ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी दालनात शिरलो. इडा शिडीवर होती आणि भिंतीवरची मोठी अक्षरं डकवत होती: ‘तू आली नाहीस. अलॉयझी कोलान्को, १९४४–१९८३.’ खाली एक म्हातारा. उंच, वाकलेला, पिवळा रेनकोट. मी सांगितलं, आजोबा, प्रदर्शन अजून उघडलेलं नाही.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “दाराशी बसलेल्या बाईंनी ज्येष्ठांचं तिकीट मात्र दिलं. हे त्र्याऐंशी साल कुठून आणलं तुम्ही?”

“विश्वकोशातून.”

“त्र्याऐंशीत मी ट्रॅक्टरखाली आलो होतो. पाय मोडला. एवढ्याला मेलो म्हणत नाहीत.”

मी म्हटलं, “आपण कोण?”

त्याने पासपोर्ट काढला. शिडीवरून इडाने खाली वाकून वाचलं आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या हातातला ३ गळून पडला. मी बाकावर बसलो. प्रदर्शनातल्या वस्तूंवर बसायचं नाही अशी पाटी मीच लावली आहे.

कोलान्को त्या कोटासमोर गेला. “हा कुणाचा?”

“आपला,” मी म्हणालो.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “तेव्हा का नाही दिलात?”

१५ मार्च

नगराध्यक्षांच्या कचेरीत बैठक. क्रुकसाहेबांनी कवीशी हस्तांदोलन केलं, मग मला खिडकीजवळ ओढून नेलं.

“फेलिक्स, हा जिवंत कशाला आहे?”

“मला नाही माहीत, साहेब.”

“पुतळ्याचा साचा झालाय. पुतळा तिशीतला आहे, केस आहेत त्याला! याला बघून लोक काय म्हणतील? उद्घाटन होईपर्यंत स्वीडनहून आलेला नातेवाईक म्हणून गप्प बसेल का हा?”

कोलान्कोचे कान तिखट आहेत. खुर्चीतूनच म्हणाला, “बसेन की. मेलेला राहायला माझी हरकत नाही, खर्च कमी. पण ती कवितेखालची पाटी बदला. ‘कवी इथे जुलमाच्या रात्री राष्ट्राच्या मुक्तीची वाट पाहतो.’ हे काय आहे?”

“मग कशाची वाट पाहता?” नगराध्यक्षांनी विचारलं.

“मुलीची. अडुसष्ट सालचा ऑक्टोबर. कारखान्यातली मुलगी होती. पुलावर भेटते म्हणाली आणि आली नाही. पहाटेपर्यंत उभा राहिलो, न्यूमोनिया झाला, तापात कविता लिहिली. नंतर तुम्ही लोकांनी त्यात राष्ट्र घातलं.”

क्रुकसाहेब हळूच खाली बसले. म्हणाले, “ती शाळेच्या भिंतीवर आहे. ग्रॅनाइटमध्ये.”

मी मुलीचं नाव विचारलं, संशोधनासाठी. तो म्हणाला, “नाव सांगणार नाही. आता कुणाची तरी आजी असेल बिचारी.”

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. तिने शांतपणे ताट संपवलं, आणखी थोडी कोबी घेतली आणि म्हणाली, “आजी? कुणाच्या कृपेने?” आणि माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, “दात आहेत का त्याला?”

म्हातारपणी मन कुठल्या कुठे भरकटतं.

१९ मार्च

आईने केस कापून घेतले, रंगही लावला. तांबूस. मी म्हटलं, या वयात डोक्याला रसायनं चांगली नाहीत. ती म्हणाली, “फेलुश, तू कामाला जा.”

रविवारी कवीला जेवायला बोलाव म्हणाली. परदेशातून आलेल्या माणसाला हॉटेलच्या सॉसेजवर ठेवणं गावाला शोभत नाही म्हणे. मी सुचवलं की तिला त्रास नको, सूप डब्यातलंही मिळतं. तिने बाजारातून बदक आणलं.

मला तर अजूनही वाटतं की ती मुलगी हयात असेल तर शोधून काढावी. गावच्या साप्ताहिकात निवेदन देतो म्हटलं. आई म्हणाली, “देऊन बघ. घरात पाऊल टाकू देणार नाही.” जुन्या लोकांना खासगी गोष्टी झाकून ठेवायचा फार सोस.

२३ मार्च, रविवार

जेवण झालं. नीट लिहून ठेवतो, कारण स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची चर्चा झाली.

बाराच्या ठोक्याला कोलान्को दारात. हातात फुलं, टोपी काखेत. आईने दार उघडलं. मी मागून ओळख करून दिली: ही माझी आई, लेओकादिया मोटिका.

“उशीर केलात,” आई म्हणाली.

“बाराला बोलावलं होतं. बाराच वाजलेत.”

“मी आजचं म्हणत नाहीये.”

आई हल्ली असं तुटक बोलते. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

कोंबडीचं सूप, त्यात घरच्या शेवया. आईने त्याला वाढलं, मला वाढलं, पुन्हा त्याला वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता. त्याचा चमचा वाजत होता, वय झालंय. मग आईने विचारलं, “कुठल्या पुलावर?”

“काय?”

“कवितेत पूल आहे ना? कुठला?”

“कुठला म्हणजे? रेल्वेचा.”

आईने चमचा खाली ठेवला. “रेल्वेचा! रेल्वेच्या पुलावर कोण भेटतं? इंजिन भेटतं! माणसं लाकडी पुलावर भेटतात. गिरणीखालच्या.”

“‘पुलावर’ एवढंच ठरलं होतं.”

“यावोरेकमध्ये ‘पूल’ म्हटलं की लाकडी! रेल्वेच्या पुलाला ‘रेल्वेचा पूल’ म्हणतात, म्हणून तर त्याला तसं म्हणतात! कुणालाही विचारा. फेलुश, सांग यांना.”

मी सांगितलं की भाषिक वापर पाहता आईचं बरोबर आहे. मात्र लाकडी पूल सत्तरच्या पुरात वाहून गेल्यामुळे पुरावा उरलेला नाही.

“नव्या बुटांत आली होती ती मुलगी,” आई म्हणाली. “असं मी ऐकलंय. दव पडलं, बुटांचा लगदा झाला. पहाटेची पाळी सुरू होईपर्यंत उभी होती. मग ठरवलं तिने, की याचं तोंड पाहायचं नाही. तो कारखान्यात आला नाही तेव्हा तिला वाटलं, लाजेने लपलाय.”

“मी इस्पितळात होतो.”

“हे तिला कुणी सांगितलं नाही.”

“मला वाटलं, ती भेटायला येईल.”

“तिला वाटलं, तो क्षमा मागायला येईल.”

मग कोलान्को म्हणाला, “बदक छान झालंय.” बदक अजून वाढलेलंच नव्हतं.

मी पाटीसाठी टिपून घेतलं: ‘पुलाची जागा: वादग्रस्त.’

२४ मार्च

सकाळी इडाला ही पुलाची चर्चा सांगितली. तिने ऐकून घेतलं, पेचकस खाली ठेवला आणि फार हळू आवाजात म्हणाली, “फेलिक्ससाहेब. ती मुलगी तुमची आई आहे.”

मी म्हणालो, मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं.

२५ मार्च

आईशी बोललो नाही. तिला ते कळलं नाही, कारण ती कोलान्कोबरोबर नदीवर फिरायला गेली होती.

२६ मार्च

आज बोललो. म्हणालो, आणि बाबा? बाबांचं काय? चांगले होते बाबा. सायकलींचं दुकान, रविवारी चर्च, कधी आवाज चढवला नाही. जाऊन वीस वर्षं झाली, आणि आता अख्ख्या पोलंडला कळणार की त्यांची बायको कुणाच्या तरी कवितेत आहे!

आई बटाटे सोलत होती. म्हणाली, “तुझ्या बाबांनाही मी पुलावर बोलावलं होतं. त्यांनी लगेच विचारलं, ‘कुठला पूल?’ म्हणून तुझा जन्म झाला. कविता नाही केली त्यांनी कधी. पण बरोबर पुलावर आले आणि आयुष्यभर येत राहिले. त्यांचं मी काही कमी केलेलं नाही, फेलुश, आणि आता करतही नाहीये.”

मग सोललेल्या बटाट्यांचं पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाली, “हे शिजवता येतात का तुला?”

मला एकावन्नावं लागलंय. हा काय प्रश्न झाला? पाणी आधी उकळायचं की बटाटे आधी टाकायचे, एवढंच विचारलं मी.

२ एप्रिल

नगराध्यक्षांचा निर्णय: कवी दिवंगतच राहणार. पाटी तीच, अर्धपुतळा तोच, म्हातारा तिसऱ्या रांगेत ‘स्वीडनचे पाहुणे’. कविता बदलली तर शाळेची भिंत बदलावी लागेल, आणि निवडणूक शरद ऋतूत आहे. माझ्या नोकरीबद्दल ते बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, की बंबांच्या प्रदर्शनाच्या वेळी मी किती समंजसपणे वागलो होतो ते त्यांच्या लक्षात आहे.

मी होकार दिला. इडाला सांगितलं तर ती म्हणाली, “अक्षरं पक्क्या गोंदाने लावू की तात्पुरत्या?”

मी म्हणालो, नेहमीसारखी.

ती म्हणाली, “मी तात्पुरत्याच लावलीत.”

४ एप्रिल

उद्घाटन.

दालन खच्चून भरलेलं. बीव्हरलाही एवढे लोक नव्हते. तिसऱ्या रांगेत कोलान्को, शेजारी आई, निळ्या पोशाखात. सातवीतल्या मुलीने कविता म्हटली, छान म्हटली, नाकही स्वच्छ होतं. मग क्रुकसाहेब. म्हणाले, दिवंगत कोलान्कोंनी आपल्या सगळ्यांच्या वतीने त्या पुलावर वाट पाहिली. काळरात्र होती. आणि ती आली नाही! वर्षानुवर्षं ती आली नाही!

“आली होती!” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “दुसऱ्या पुलावर!”

आईचाच आवाज. सगळ्या माना वळल्या. क्रुकसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरू केलं, पण ‘दिवंगत’ शब्दावर कोलान्को शिंकला. त्याला आवरलं नाही, गोंदाचा वास होता. इतकी मोठी शिंक, की सबंध दालन एका सुरात म्हणालं, “शंभर वर्षं जगा!” आमच्याकडे म्हणतातच तसं.

मग लोक माझ्याकडे पाहू लागले. मी का उठलो, कळत नाही. आईकडे पाहिलं असतं तर उठलो नसतो बहुतेक. भिंतीपाशी गेलो आणि नखाने १९८३ मधला ३ उचकटला, मग ८, मग ९. १ चं शेपूट अडकलं, इडाने येऊन सुरीने सोडवलं. मी म्हणालो, बंधुभगिनींनो, आमची चूक झाली, कवी इथे बसले आहेत. कवितेतल्या बाईही इथे बसल्या आहेत. त्या माझ्या आई आहेत. पुलाबद्दल मतभेद आहेत.

एवढं बोललो. क्रुकसाहेबांचा चेहरा ग्रॅनाइटचा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झेनोबियाबाई उभ्या राहिल्या. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ब्याऐंशीत ही कविता वाटताना पकडल्या गेल्या, आत गेल्या, नोकरी गेली, ती पुढे राजवट बदलल्यावर परत मिळाली. सरळ कोलान्कोकडे वळून म्हणाल्या, “मी ही बुटात घालून फिरवली. मला चौकशीत विचारायचे, ‘तू’ म्हणजे कोण. मी सांगितलं नाही. म्हणजे मी तुमची फसलेली भेट लपवत होते?”

कोलान्को उठला. फार वेळ लागला त्याला उठायला. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“हो, बाई. मी नुसता थंडीने आजारी पडलो होतो. तुम्ही तुरुंगात गेलात. मी तिकडे गाई दोहत होतो आणि इथे काय चाललंय ते मला माहीतही नव्हतं. ती पाटी बदला म्हणालो मी, पण ती तुमच्यासाठी खरी आहे. राहू दे ती. माझी खाली लावा, बारीक अक्षरात.”

झेनोबियाबाई विचार करत उभ्या राहिल्या. मग आईला म्हणाल्या, “लेओकादिया, आली होतीस ना तू नक्की?”

“पहाटेपर्यंत होते.”

“मग बस झालं,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मागून पोस्टातला कुणीतरी म्हणाला की त्याला लहानपणापासून ती कविता बसबद्दल वाटायची. त्यानंतर मात्र सगळे एकदम बोलू लागले, आणि खसखशीचा केक पुरला नाही.

११ एप्रिल

बसगाड्या भरून लोक येताहेत. क्रुकसाहेब वार्ताहरांना सांगतात की कवी जिवंत असल्याचा शोध त्यांनी लावला. अर्धपुतळ्यासाठी केसांचा प्रश्न अजून लोंबकळतोय. भिंतीवर दोन पाट्या आहेत. लोक वरची वाचून गंभीर होतात, खालची वाचून आपापल्या बायकोकडे बघतात.

१२ मे

आई स्वीडनला गेली. त्याच्याबरोबर, जहाजाने. ‘जाऊन बघते’ म्हणाली. मी गोळ्या, लोकरी मोजे, डॉक्टरांचा नंबर दिला. तिने मोजे घेतले. जहाजाच्या कठड्यावरून तिने हात हलवला तो मला की बंदराला, कळलं नाही. एकटी इतक्या लांब पहिल्यांदाच गेली ती. खरं तर एकटी नाहीच म्हणा.

घर फार शांत आहे. बटाटे आधी, पाणी मग. दोन्ही करून पाहिलं, काही फरक पडत नाही.

२० मे

इडा रोज सूप आणून देते. उरतं म्हणे. तिच्याकडे फारच उरतं बुवा. आज तिच्याकडेच बसून जेवलो, डबा परत न्यायला नको म्हणून.

१ जून

प्रदर्शन उतरवलं. पुढचं: ‘आपल्या भागातली मधमाशी’. अक्षरं पटापट निघाली. कोट कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, तो पुन्हा गोदामात.

दुपारी आईचा फोन. तिथले हेरिंग मासे गोड असतात, घराला कुंपण नाही, आणि हा माणूस घोरतो. गुरुवारी परत येतेय.

“एकटी?” मी विचारलं.

“तो कसा राहील तिकडे? शेवयासुद्धा करता येत नाहीत त्याला. फेलुश, तुझ्या खोलीत उजेड चांगला येतो. त्याला लिहायला लागतो उजेड.”

“मग मी कुठे राहू?”

“तेच म्हणतेय,” आई म्हणाली, अगदी मायेने. “तेच मी कितीतरी वर्षं म्हणतेय.”

नंतर इडाला सांगितलं. ती काचपेटी पुसत होती. तिच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे म्हणे. स्वयंपाकघर मात्र वेगळं नाही, तिचंच वापरावं लागेल, आणि जेवायला एकच टेबल आहे. गैरसोय आहे, पण म्हटलं, ठीक आहे, तात्पुरती.